परक्या ठेक्याला घर देणारा संगीतकार : सी. रामचंद्र

स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयाचा म्हटले की संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक यांचीच नावे प्रथम डोळ्यांसमोर उभी राहतात, आणि ते योग्यही आहे. त्या थोर मालिकेत चित्रपटसृष्टीतील एका संगीतकाराला बसविल्याचे पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची कल्पना आहे. तरीही मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचे स्मरण करावे असे मनापासून वाटते. त्याचे एक कारण अगदी घरगुती आहे. त्यांच्या संगीताची पहिली घडण ज्या नागपुरात झाली, ते नागपूर आणि आपले जबलपूर ही १९५६ पर्यंत एकाच प्रांतातील शहरे होती. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे येणाऱ्या लहान रुळांच्या गाडीने या दोन्ही मुलखांतील मराठी घरे एकमेकांना बांधून ठेवली होती.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. परमुलखात स्थायिक झालेल्या माणसापुढे एक प्रश्न नेहमीच उभा असतो. भोवतालचे किती घ्यावयाचे आणि घरचे काय राखावयाचे, हा तो प्रश्न. नर्मदेच्या काठी पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांनी तो आपापल्या परीने सोडविला. सी. रामचंद्रांपुढे तोच प्रश्न सुरांच्या रूपाने उभा राहिला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मलेला एक नाचाचा ठेका सात समुद्र ओलांडून मुंबईला आला, त्याला या पुणतांब्याच्या माणसाने आपल्या संगीतात जागा दिली, आणि त्यापायी बोलही पुष्कळ ऐकून घेतले. त्यांचे चरित्र या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

रामचंद्रांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे या गावी झाला. गोदावरीच्या तीरावरील हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. वडील रेल्वेच्या नोकरीत होते. रेल्वेतील माणसाचे घर म्हणजे बदल्यांचे घर. आज या स्थानकावर तर उद्या त्या. आपल्या जबलपुरातील अनेक कुटुंबांना हा अनुभव निराळा सांगावयास नको. मुलाचे लक्ष शाळेच्या पुस्तकांपेक्षा गाण्यात अधिक होते. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांच्या संगीतशिक्षणाला सुरुवात झाली. पुढे ज्यांच्या गळ्याने महाराष्ट्राला वेड लावले, ते डॉ. वसंतराव देशपांडे हेही याच सप्रे गुरुजींचे शिष्य होत. नंतर पुण्याला विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात रामचंद्रांनी काही काळ अभ्यास केला. विनायकबुवांची तालीम म्हणजे पलुस्करांच्या परंपरेची तालीम. स्वर शुद्ध, लय पक्की, बंदिश नेमकी. परकी चाल उचलणारा संगीतकार असे ज्यांचे नाव पुढे झाले, त्यांचा पाया अशा रीतीने अस्सल देशी मातीत रचलेला होता, हे आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे.

चित्रपटात मात्र ते आले ते नट म्हणून. १९३५ साली वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली. चित्रपट चालला नाही, आणि नायकपण तेथेच संपले. पुढे सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत असता त्यांच्या हातातील पेटीकडे तेथील संगीतविभागाचे लक्ष गेले. बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांच्या हाताखाली ते पेटीवाले म्हणून काम करू लागले. नायक व्हावयास आलेला तरुण वादकांच्या बैठकीत जाऊन बसला, ही वरवर पाहता अधोगती होती. खरे पाहता त्यांची योग्य जागा त्यांना याच बैठकीत सापडली.

ज्या १९३५ साली रामचंद्रांनी चित्रपटात पहिले पाऊल टाकले, त्याच वर्षी दूर अमेरिकेत एका नृत्यप्रकाराने आपली सीमा ओलांडली. या दोन गोष्टींची गाठ पुढे मुंबईत पडावयाची होती. ती कशी पडली हे समजण्यासाठी थोडा वेळ न्यूयॉर्ककडे वळले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत अमेरिकेच्या दक्षिण भागातील लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे जाच आणि दारिद्र्य यांना कंटाळून उत्तरेकडील शहरांत आली. न्यूयॉर्कमधील हार्लेम हा भाग त्यांच्या वस्तीने भरून गेला. दिवसभर हमाली, घरकाम, मिळेल ती मजुरी करावी आणि रात्री चार घटका एकत्र जमून गावे-नाचावे, हाच त्यांचा विसावा होता. या वस्तीत लेनॉक्स ॲव्हेन्यूवर मार्च १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम हे भव्य नृत्यगृह उघडले. हार्लेममधीलच कॉटन क्लबात रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत नाचत आणि प्रेक्षक म्हणून केवळ गोऱ्यांना प्रवेश असे. सॅव्हॉयचा दरवाजा मात्र दोघांनाही उघडा होता. तेथे दोन वादकमंच शेजारी शेजारी असत. एक वाद्यवृंद थांबला की दुसरा सुरू होई, आणि नाच खंडित होत नसे.

या लाकडी जमिनीवर जो नाच घडला त्याला लिंडी हॉप असे नाव मिळाले. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग याने एकट्याने विमान चालवीत अटलांटिक महासागर ओलांडला. त्याच्या त्या उडीवरून हे नाव पडले असे परंपरेने सांगतात. या नाचात स्त्री-पुरुष हातात हात घेऊन फिरतात, मग एका झोक्यात दूर फेकल्यासारखे होतात, क्षणभर आपापल्या मनाने पावले टाकतात आणि पुन्हा एकत्र येतात. युरोपीय दरबारी नाचातील जोडी आणि आफ्रिकेच्या वारशातील मोकळे अंग यांचा हा संगम होता. त्याच्या मूळ आवर्तनात आठ मात्रा मोजतात. आपल्या केरव्याच्याही मात्रा आठच असतात, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नाचाला साथ करणाऱ्या संगीताला स्विंग, म्हणजे झोका, म्हणू लागले. चार मात्रांच्या चालीत पहिल्या व तिसऱ्या मात्रेऐवजी दुसरीवर आणि चौथीवर टिचकी द्यावयाची. मात्रेचे दोन सारखे भाग न पाडता एक लांब व एक आखूड ठेवावयाचा. ट्रंपेट, ट्रोंबोन आणि सॅक्सोफोन यांचे गट करून एका गटाने प्रश्न विचारावा तसा तुकडा वाजवावयाचा व दुसऱ्याने त्याचे उत्तर द्यावयाचे, असे त्याचे स्थूल स्वरूप होते. चिक वेब हा शरीराने पंगू असलेला तालवादक सॅव्हॉयच्या वाद्यवृंदाचा राजा होता. नर्तक वादकांना चेव आणीत आणि वादक नर्तकांना.

१९३५ मध्ये फ्रँकी मॅनिंग या तरुणाने सॅव्हॉयच्या एका स्पर्धेत आपल्या जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवून तालावर जमिनीवर उतरविले. नाचात हवेतील उडी आली ती अशी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाच्या वृंदाला तरुणांनी डोक्यावर घेतले. त्याच्या पुष्कळशा रचना फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराने बांधून दिलेल्या होत्या. येथून हे संगीत सर्व अमेरिकेचे झाले. चित्रपटांनी आणि ध्वनिमुद्रिकांनी ते जगभर नेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक जेथे जेथे गेले, तेथे तेथे हा नाचही त्यांच्याबरोबर जिटरबग या नावाने पोहोचला.

मुंबईला त्याची चाहूल युद्धापूर्वीच लागली होती. लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा वृंद १९३५-३६ च्या हंगामात ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड यांसारखे अमेरिकन वादक आले. त्यांच्या शेजारी बसून ही विद्या आत्मसात केली ती गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले हे गोमंतकीय कोणतेही संगीत कागदावरून वाचू शकत. त्यांपैकी आंतोनिओ झेवियर वाझ हा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट या नावाने मुंबईत गाजला. लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकन वादकाची छाप त्याच्या वादनावर इतकी होती की भारताचा आर्मस्ट्राँग म्हणून त्याची ओळख झाली.

तथापि ताजच्या दिवाणखान्यातील हा ठेका साहेब, संस्थानिक आणि श्रीमंत यांच्यापुरताच होता. परळ-लालबागच्या गिरणीकामगाराला, किंवा आपल्या जबलपुरात बंदुकीच्या कारखान्यात काम करून घरी परतणाऱ्या माणसाला, त्याचा स्पर्श होण्याचे काही कारण नव्हते. हार्लेमच्या श्रमिकांनी जे निर्माण केले, ते मुंबईत येईपर्यंत धनिकांचे झाले होते. ते पुन्हा श्रमिकांच्या हाती पोहोचविण्याचे काम रामचंद्रांनी केले, आणि त्यात त्यांचे सोबती होते मास्टर भगवान.

भगवान आबाजी पालव हे गिरणीकामगाराचे चिरंजीव. मूकपटांच्या काळात ते चित्रपटात आले आणि हाणामारीचे, कमी खर्चाचे चित्रपट काढून त्यांनी स्वतःचा जम बसविला. त्या चित्रपटांचा प्रेक्षक चार आण्यांच्या तिकिटाचा होता. भगवान यांनी दिग्दर्शित केलेल्या 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' या तमिळ चित्रपटांनी रामचंद्रांना संगीतकार म्हणून प्रथम संधी दिली. तमिळचा गंध नसलेल्या मराठी तरुणाने तमिळ चित्रपटापासून आरंभ करावा, हा योग विलक्षण होय. १९४२ साली भगवान यांच्याच 'सुखी जीवन' या चित्रपटाने ते हिंदीत आले. दोघांची मैत्री जन्मभराची ठरली. रामचंद्रांना सारे अण्णा म्हणत आणि भगवानांना दादा.

फिल्मिस्तानच्या 'सफर' (१९४६) आणि 'शहनाई' (१९४७) या चित्रपटांनी रामचंद्रांचे नाव घरोघरी नेले. 'शहनाई'मधील 'आना मेरी जान संडे के संडे' हे गाणे त्यांनी चितळकर या नावाने स्वतः गाइले. साहेबी थाटाची त्यात केलेली थट्टा आणि पाश्चात्त्य नाचाची उडती चाल लोकांना भलतीच आवडली, आणि विद्वानांना तितकीच खटकली. 'पतंगा' (१९४९) व 'समाधी' (१९५०) या चित्रपटांतही त्यांनी हा मार्ग सोडला नाही. 'समाधी'मधील एक अत्यंत लोकप्रिय चाल तर १९४५ च्या एका अमेरिकन चित्रपटातील गाण्यावरून सरळ उचललेली होती. चरित्रकाराने हे झाकून ठेवू नये. उसने घेण्यात आणि आपलेसे करण्यात अंतर आहे, आणि रामचंद्र प्रत्येक वेळी ते अंतर पार करीत होते असे नाही. ज्या वेळी त्यांनी ते पार केले, त्या वेळी काय घडले हे पाहावयाचे तर १९५१ च्या 'अलबेला'कडे वळावे लागते.

हाणामारीचे चित्रपट सोडून एखादा सामाजिक चित्रपट काढावा, असे भगवान यांच्या मनाने घेतले. निर्माता तेच, दिग्दर्शक तेच आणि नायकही तेच. अंगाने स्थूल, चेहऱ्याने सामान्य, अशा या नायकाच्या जोडीला गीता बाली ही त्या काळची आघाडीची अभिनेत्री होती. राजेंद्र कृष्ण यांची गीते आणि रामचंद्रांचे संगीत यांवर साऱ्या चित्रपटाची भिस्त होती. पडद्यावरील भगवानांना रामचंद्रांनी स्वतःचाच आवाज दिला.

'शोला जो भडके' हे या चित्रपटातील नृत्यगीत जाणकारांनी पुन्हा एकदा कान देऊन ऐकावे. पितळी वाद्यांचे तुकडे प्रश्नोत्तरासारखे येतात, तालवाद्ये बेटावरील उत्सवाचा भास निर्माण करतात, वेषभूषाही हवाई बेटांची आहे. पण गाण्याची मुख्य चाल मात्र कोणत्याही मराठी किंवा हिंदी घरात सहज गुणगुणता येईल अशी सरळ आहे. पाश्चात्त्य संगीताप्रमाणे एका वेळी अनेक सुरांच्या थरांवर ती चढत नाही. गळ्याच्या एका धाग्यावर चालते. ठेका परदेशी आणि धागा देशी. चिक चॉकलेट हा या कामी त्यांचा साहाय्यक होता. इतकेच नव्हे, तर आपल्या वृंदासह तो या चित्रपटातील एका गाण्यात पडद्यावरही दिसतो. आणि याच चित्रपटात लता मंगेशकरांच्या आवाजातील पिलूच्या छायेची अंगाईही आहे. ज्या बैठकीत ट्रंपेट खणखणले, त्याच बैठकीत ती जन्मली.

काम कसे चाले तेही सांगण्याजोगे आहे. रामचंद्र पेटीवर चाल बांधून गाऊन दाखवीत. गोमंतकीय साहाय्यक ती स्वरलिपीत उतरवून घेत आणि कोणत्या जागी व्हायोलिन, कोणत्या जागी ट्रंपेट, कोठे सॅक्सोफोन हे मांडून प्रत्येक वादकासाठी निराळा कागद तयार करीत. त्यांच्याशेजारी ढोलक-तबल्यावर कान देऊन साथ करणारे वादक बसत. एकाला कागदाशिवाय चालत नसे, दुसऱ्याला कागदाची गरज नसे. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतील नाचरात्री मंदावल्या आणि हे वादक अधिकाधिक संख्येने चित्रपटसंगीताकडे वळले. ताजच्या दिवाणखान्याचे नुकसान झाले खरे, परंतु ते संगीत त्यामुळेच गावोगावच्या तंबूतील सिनेमापर्यंत जाऊन पोहोचले.

आणि भगवानांचा नाच? त्याला शास्त्र नव्हते, उड्या नव्हत्या, गिरक्याही बेताच्याच. खांदे किंचित हलवीत, हाताने हलकेच इशारे करीत, पावले जागच्या जागी टाकीत ते ठेक्यावर झुलत. मॅनिंगच्या जोडीदारणीने हवेत घेतलेली कोलांटी आणि भगवानदादांचे हे सावकाश झुलणे यांत बाह्यतः काडीचे साम्य नाही. तथापि झोका घेणे हाच ज्या नाचाचा प्राण, तो प्राण दोहोंतही होता. ज्याला नाच येत नाही त्यालाही हे करून पाहावेसे वाटे. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत बँडचे सूर कानी येताच संकोची माणसाचेही हात आपोआप खांद्यापर्यंत वर जात. पुढे अमिताभ बच्चनसारख्या नटाच्या नाचातही लोकांना भगवानदादांची पावले ओळखू आली.

हे सर्व निर्वेधपणे चालले होते असे मात्र समजू नये. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. तेही मराठी, अभिजात संगीताचे खरे प्रेमी आणि आपल्या मताचे पक्के. चित्रपटसंगीताने, त्यातही पाश्चात्त्य धर्तीच्या गाण्यांनी, जनतेची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५२ च्या डिसेंबरपासून बिनाका गीतमालेच्या बुधवारची वाट पाहू लागले. केसकरांना आज हसणे सोपे आहे. पण त्यांची चिंता खोटी नव्हती. संस्थानांचा आश्रय सुटून गवयांवर वाईट दिवस आले असताना, त्यांना आकाशवाणीचा आधार देण्याचे काम त्यांनी केले. घरचे राखले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. बाहेरचे आत आले म्हणजे घरचे जातेच, हे त्यांचे गृहीतक मात्र बरोबर नव्हते.

त्या गृहीतकाला रामचंद्रांनी उत्तर दिले ते 'अनारकली'तून. १९५३ च्या या चित्रपटाची गाणी ऐकताना हाच का तो 'अलबेला'चा संगीतकार, असा संभ्रम पडतो. 'ये जिंदगी उसी की है' या गीतातील भीमपलास ऐकून सप्रे गुरुजी आणि विनायकबुवा यांची तालीम वाया गेली नव्हती याची साक्ष पटते. 'आझाद' (१९५५) चे संगीत त्यांनी महिन्याभराच्या अवधीत बांधून दिले. त्यात दाक्षिणात्य वळणाची गाणी आहेत तशीच उत्तरेकडील लोकसंगीताची छटाही आहे. पुढे व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग' (१९५९) चे संगीतही त्यांचेच. झोक्याच्या गाण्यांनी त्यांच्या हातातील राग हिरावून घेतले नाहीत. उलट लय कोठे रोखावी आणि कोठे सोडावी याची समज त्यांना या दोन्ही शाळांनी मिळून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

तिकडे अमेरिकेत मात्र स्विंगचे दिवस मावळत होते. युद्धकाळात वादक सैन्यात गेले, १९४४ मध्ये नृत्यगृहांवर जबर कर बसला, मोठे वृंद परवडेनासे झाले आणि जाझचे नवे संगीत नाचण्यापेक्षा ऐकण्याकडे अधिक झुकले. स्विंगच्या नाचाची पावले घेऊन रॉक अँड रोल पुढे आले. १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद पडले. फ्रँकी मॅनिंगने टपालखात्यात नोकरी धरली.

नेमक्या याच संधिकाळात, १९५७ साली, रामचंद्रांनी 'आशा' या चित्रपटात किशोरकुमारकडून 'ईना मीना डीका' गाऊन घेतले. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या चकण्या-मकण्यासारख्या गणतीवरून त्याचा मुखडा सुचला, आणि त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात 'मला नको' या अर्थाच्या कोकणी शब्दांची भर घातली, असे त्याविषयी सांगतात. इंग्रजी मुलांची गणती, कोकणी शब्द, अमेरिकन ठेका, हिंदी गीतकार आणि मराठी संगीतकार, आणि गाणारा खांडव्याचा, म्हणजे आपल्याच मध्यप्रदेशाचा सुपुत्र! गंमत अशी की त्याच वर्षी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, केसकरांच्याच खात्याने विविधभारती सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडले.

उत्तरायुष्यात रामचंद्रांच्या वाट्याला चित्रपट कमी कमी येत गेले. स्वभाव मानी, बोलणे स्पष्ट. काही जिव्हाळ्याचे संबंध दुरावले, आणि नव्या संगीतकारांनी जागा घेतली. पण १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर कवी प्रदीप यांनी हुतात्म्यांवर गीत लिहिले, तेव्हा त्याला चाल लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. प्रदीप हे उज्जैनजवळच्या बडनगरचे. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गाइले. उभ्या देशाला नाचावयास लावणाऱ्या संगीतकाराने त्या दिवशी उभ्या देशाला स्तब्ध केले. त्या चालीत ना ट्रंपेटची धिटाई, ना झोका. केवळ एक संथ, आवरलेला स्वर आहे. तो कोठे आवरावा हे ज्याला कळते, त्याने तो मोकळाही जाणून-बुजूनच सोडलेला असतो.

मराठीकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही. ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला त्यांनी चाली दिल्या, आणि 'घरकुल' चित्रपटातील त्यांची गाणी तर मराठी घरांत आजही गाइली जातात. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. चौसष्टावा वाढदिवस अवघ्या आठवड्यावर आला होता.

भगवानदादांचे पुढील आयुष्य अधिक करुण आहे. 'अलबेला'ने दिलेले वैभव पुढील चित्रपटांच्या अपयशाने गेले. बंगला गेला, मोटारी गेल्या आणि ते दादरच्या चाळीतील खोलीत राहावयास आले. मिळतील त्या लहान भूमिका करीत, प्रेक्षकांनी आग्रह केला की तीच दोन पावले टाकून दाखवीत, ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. फ्रँकी मॅनिंग त्या मानाने भाग्यवान. १९८० नंतरच्या दशकात नव्या पिढीने त्याला टपालखात्याच्या नोकरीतून शोधून काढले, आणि २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो देशोदेशी लिंडी हॉप शिकवीत फिरला. भगवानदादांना शोधत त्यांच्या चाळीपर्यंत येणारे तसे शिष्य लाभले नाहीत, ही खंत मनात राहते.

सी. रामचंद्रांची थोरवी त्यांनी किती परके उचलले यात नाही, आणि किती टाळले यातही नाही. आलेल्या पाहुण्याला त्यांनी ओसरीवर ताटकळत ठेवले नाही, आणि देवघराची किल्लीही त्याच्या हाती दिली नाही. माजघरात पाट मांडून घरच्या माणसांच्या पंक्तीला बसविले. हार्लेमचा ठेका त्यामुळे केरव्याच्या शेजारी सुखाने नांदला आणि चार आण्यांच्या तिकिटाच्या प्रेक्षकाला आपला वाटला. हार्लेमचे लोकही गाव सोडून आलेले होते, गिरणगावचे लोकही, आणि आपणही. गाव सोडून आलेल्या माणसांजवळ बरोबर आणण्यासारखे फारसे काही नसते. भाषा असते, चार गाणी असतात. ती गाणी नव्या गावच्या ठेक्यावर म्हणून पाहिली तर ती हरवत नाहीत, हा भरवसा पुणतांब्याच्या या संगीतकाराने दिला आहे. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुले जेव्हा मराठी गाण्यावर नव्या तऱ्हेने पावले टाकतात, तेव्हा आपण वडील मंडळींनी कपाळाला आठी घालण्यापूर्वी अण्णांचे स्मरण करावे, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात विनंती.